मंडळीत कर्जाबद्दल बोलायला बसलो तेव्हा

२०२५च्या फेब्रुवारीत एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतले. म्हणाले, "ताई, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात सहा रविवार येतात. उपासनेनंतर तासभर तुम्ही घ्याल का? विषय आर्थिक शिस्त." मी लगेच हो म्हटले. एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी एकोणीस वर्षे काढली आहेत. हप्ता, थकबाकी, जामीनदार, नोटीस यांतच माझे निम्मे आयुष्य गेले. वाटले, आपल्याला येते ते मंडळीला द्यावे.

आमची मंडळी वास्कोतली, मराठी. गोव्यात ख्रिस्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र मोठी चर्चे आणि कोंकणी मिसा येतात. आम्ही जेमतेम सव्वीस कुटुंबे, भाड्याच्या हॉलमध्ये जमणारी. कुणी कोल्हापूर-मिरजेकडचे, कुणी बेळगावचे, दोन घरे सोलापूरची. बंदर, गोदी, झुआरीनगरचे कारखाने, ट्रक, इस्पितळातली नोकरी, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी, अशी आमची पोटे.

पाळकसाहेबांना हा विषय का सुचला ते नंतर कळले. बायण्यात राहणारी आमची एक बहीण तीन महिने उपासनेला आली नव्हती. महिला मंडळाच्या बायका भेटायला गेल्या, तेव्हा तिने गुडघेदुखीचे कारण सांगितले. खरे कारण असे की तिच्यावर मंडळीतल्याच एकाचे कर्ज होते. प्रभूभोजनाला पुढे जाताना त्याच्या रांगेवरून जावे लागते, ते तिला सोसत नव्हते.

पहिला रविवार ९ मार्चचा. मी घरून तक्ता करून नेला होता. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, खाली शिल्लक. गरज कोणती, हौस कोणती ते समजावून दिले. लग्न ऋण काढून करू नका, मोबाइल हप्त्यावर घेऊ नका, दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा भाग, आधी बाजूला काढा. पाऊण तास बोलले. कुणी काही विचारले नाही, आणि मला वाटले की पटले आहे.

बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना एक बाई माझ्याजवळ आली. दोन घरची कामे करते, नवरा बदली ड्रायव्हर. पिशवीतून मुलाची जुनी वही काढली आणि म्हणाली, "ताई, खर्च कमी करा म्हणालात. यातला कुठला करू ते दाखवा." मी उभ्या-उभ्या वाचले. खोलीभाडे, तांदूळ, गॅस, सासूची औषधे, शाळेची रिक्षा. खाली तीन वार लिहिले होते: मंगळवार, बुधवार, शुक्रवार. तिन्ही दिवशी तीन वेगवेगळ्या फायनान्सच्या गटांचा हप्ता. पहिले कर्ज नवऱ्याच्या अपघातानंतरचे. दुसरे पहिल्याचे हप्ते भरण्यासाठी. तिसरे दुसऱ्यासाठी. त्या वहीत हौस नावाची एकही ओळ नव्हती. मी वही तिच्या हातात परत दिली तेव्हा मला बोलायला काही सुचले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. आपण पाऊण तास माणसांना त्यांच्या गरिबीबद्दल बोल लावला, एवढेच मला दिसत होते.

आठवडाभर मी शास्त्र घेऊन बसले. दर रविवारी आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, आमच्या मराठी पवित्र शास्त्रात सरळ लिहिले आहे की आमची ऋणे आम्हांस सोड. लहानपणापासून म्हणत आले, पण 'ऋणे' म्हणताना मनात 'पापे' एवढाच अर्थ. शेजारी चिखलीच्या एक निवृत्त टीचर राहतात, कॅथलिक. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "आमी 'पातकां' म्हणटांव. ऋण म्हणल्यार बँकेचें न्हय?" पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी मूळ ग्रीक काढून दाखवले. मत्तयात शब्द देण्या-घेण्यातलाच आहे, जे देणे लागते ते. लूकाच्या अकराव्या अध्यायात 'पापे' आहे, पण तिथेही दुसऱ्या अर्ध्यात 'जो आमचा ऋणी आहे' असेच आले आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता तिच्यात पाप आणि कर्ज यांना एकच शब्द चालतो. म्हणजे गालिलातले कर्जबाजारी कोळी आणि शेतकरी ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकत असताना त्यांच्या कानांवर दोन्ही अर्थ पडले असणार. आम्ही त्यातला एक ठेवला आणि दुसरा कधी गळून पडला ते आम्हालाच कळले नाही.

दुसऱ्या रविवारी मी तक्ता नेला नाही. जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचायचे ठरवले, आणि तोही मी नाही, मंडळीनेच. तेरा वचने, तेरा माणसे. हा भाग आमच्या हॉलमध्ये कुणी वाचल्याचे मला आठवत नाही. नहेम्याचा विषय निघाला की यरुशलेमेचा तट बांधल्याची गोष्ट सांगतात. तट बांधत असताना आत काय चालले होते ते या अध्यायात आहे. लोक आणि त्यांच्या बायका आपल्याच भाऊबंदांविरुद्ध ओरड करतात. दुष्काळात धान्यासाठी शेते, मळे, घरे गहाण पडलीत. राजाचा कर भरायला कर्ज काढले आहे. पोटची मुले-मुली दास्यात द्यावी लागताहेत, आणि सोडवायचे तर हातात काही नाही, कारण शेते दुसऱ्यांची झाली आहेत.

वाचून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला. यात कर्ज का झाले असे लिहिले आहे? कुणी तरी म्हणाले, दुष्काळ. दुसरे म्हणाले, कर. उधळपट्टी असे कुणी म्हणाले नाही, कारण तसे तिथे कुठेच नाही.

मग मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. सहसा बोलत नाहीत. आता दुसऱ्याचा पाण्याचा टँकर चालवतात. म्हणाले, "माझा दुष्काळ सांगू?" त्यांनी सावर्ड्याकडे राहत असताना खनिज वाहतुकीसाठी कर्जावर ट्रक घेतला होता. तेव्हा बँका बोलावून कर्ज देत होत्या. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रक दारात उभा, हप्ता चालू. २०१४च्या एप्रिलमध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने परवानगी दिली, पण धंदा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. टायर बदलायला त्यांनी पुन्हा कर्ज काढले. फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून सगळे पुन्हा ठप्प. ट्रक ओढून नेला, विकला, तरी बाकी राहिलीच. बायकोचे मंगळसूत्र गेले.

ते म्हणाले, "खाणींनी डोंगर खाल्ले, पाणी नासले, हे मला कबूल आहे. बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. पण नियम मोडले कुणी आणि हप्ता भरला कुणी? सहा वर्षे मी देवाला विचारत होतो की माझे काय पाप झाले. आज पहिल्यांदा कळले की शास्त्रात माझ्यासारखी माणसे आहेत."

ते खाली बसले. त्यांच्या बायकोने डोक्यावरचा पदर पुढे ओढून तोंड झाकून घेतले. आम्ही त्या दिवशी पुढे काही शिकवले नाही. प्रभूची प्रार्थना म्हटली. 'ऋणे' या शब्दाशी सगळ्या हॉलचा आवाज क्षणभर अडला. तो अडखळा माझ्या कानांत अजून आहे.

तिसरा रविवार हिशेबाचा. हे मला येत होते, आणि आता ते लोकांच्या बाजूने वापरायचे होते. फळ्यावर लिहिले: कर्ज १ लाख, मुदत २४ महिने, व्याज 'फ्लॅट' १२ टक्के. दोन वर्षांचे व्याज २४ हजार, हप्ता ५,१६७ रुपये. सगळ्यांना वाटते व्याज बारा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागते. घटत्या शिलकीवर मोजले तर तोच दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. हातउसन्या सावकारीत 'शेकडा पाच' म्हणतात, ते महिन्याचे असते, वर्षाचे साठ. चाळीस हजार घेतलेल्याने दरमहा दोन हजार व्याज भरले तर वीस महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम जाते आणि मुद्दल जागच्या जागी.

२०२०च्या टाळेबंदीत मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली होती. आमच्यातल्या निम्म्या जणांना ते हप्ते माफ झाले असेच वाटले होते. त्या महिन्यांचे व्याज चढत होते हे त्यांना नंतर पासबुकातून कळले. मी रिझर्व्ह बँकेचे २०२२चे सूक्ष्म कर्जाचे नियमही सांगितले. कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये, मुदतीआधी फेडले तर दंड नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायचा नाही. वहीवाली बाई तिथल्या तिथे बेरीज करू लागली. तिचे तीन हप्ते तिच्या घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून बरेच वर होते. ती म्हणाली, "म्हणजे तिसरे कर्ज त्यांनी मला द्यायलाच नको होते?" मी म्हटले, नको होते. तिच्या चेहऱ्यावर जो राग आला तो मला चांगला वाटला. तोवर ती फक्त लाजत होती.

नहेम्या ज्या व्याजाबद्दल वाड्यावरच्यांना फैलावर घेतो ते 'शंभरावा भाग' असे आहे. बरेच अभ्यासक ते दरमहा धरतात. म्हणजे शेकडा एक. ही गोष्ट मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि त्या दिवशी तिच्यावर जास्त बोलले नाही. पुढे लागणार होती.

चौथ्या रविवारी मी शेजारच्या टीचरना बोलावले. २०२५ हे कॅथलिकांचे ज्युबिली वर्ष होते आणि पोप फ्रान्सिस यांनी ते जाहीर करताना श्रीमंत देशांना उघड आवाहन केले होते की जे देश कधीच फेडू शकणार नाहीत त्यांची कर्जे सोडा. १९९८च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला जी-८ची बैठक भरली तेव्हा हजारो लोकांनी त्याच मागणीसाठी हातात हात घालून साखळी धरली होती, त्यांच्या मोहिमेच्या नावातही ज्युबिलीच होती. हा शब्द लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातला, आपल्याकडे 'योबेल'. पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकायचे, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत, दास झालेला माणूस मोकळा. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची, आपण तिच्यावर उपरे.

टीचरनी गावकरीबद्दल, म्हणजे गोव्यातल्या गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या पद्धतीबद्दल सांगितले. पोर्तुगीज तिलाच कोमुनिदाद म्हणत. त्यांचे यजमान गावकार, म्हणजे तिच्यातले वंशपरंपरेचे वाटेकरी होते. कोमुनिदादची शेते एका माणसाची नसत, सगळ्या गावाची. तीन-तीन वर्षांसाठी लिलावाने कसायला द्यायची, येणाऱ्या पैशातून बांधांची आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, डागडुजी, सरकारचा फोर म्हणजे सारा, देवस्थानाचा किंवा चर्चचा खर्च, आणि उरले ते गावकारांना झोण म्हणून वाटायचे. पोर्तुगीज आले तेव्हा ही पद्धत इथे चालूच होती. १५२६च्या फोराल नावाच्या दस्तऐवजात त्यांनी ती नोंदून घेतली. टीचर म्हणाल्या, जमीन विकायची वस्तू नाही हे आमच्या आज्याला बायबल न वाचता ठाऊक होते.

लोक मन लावून ऐकत होते. तेवढ्यात बेळगावकडचा एक तरुण उठला. "टीचर, झोण बायकांना मिळायची का? आणि शेतात राबणाऱ्या कुळाला?" टीचर थोड्या थांबल्या. म्हणाल्या, नाही. गावकारांच्या मुलग्यांनाच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात झोपडी घालून राहणाऱ्या मुंडकाराला तर हाकलले की जावे लागे. त्यांचा हक्क पुढे कायद्याने आला, मुंडकारांचा १९७५मध्ये, कुळांचा १९७६च्या दुरुस्तीने. तरुण म्हणाला, "आम्हाला तर गावही नाही आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे इथल्या सातबाऱ्यावर, नावही नाही. योबेलचे शिंग वाजले तर आम्ही कुठे परत जायचे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. योबेलच्या कायद्यात ज्यांचे मूळ वतन होते त्यांना ते परत मिळायचे, हे खरे. पण त्याच अध्यायात अडचणीत आलेल्या भावाला जवळ ठेवून घे, परदेशी आणि उपरी माणसाला ठेवतोस तसे, आणि त्याच्याकडून व्याज घेऊ नकोस असेही आहे. एवढेच मी वाचून दाखवले. तो प्रश्न आजही आमच्या मंडळीत उघडा आहे आणि मला तो बंद करण्याची घाई नाही.

आता पाचव्या रविवारबद्दल. याच्याविषयी लिहायला मला सगळ्यात जड जाते.

आमच्यात एक अण्णा आहेत. सत्तरीचे, गोदीतून निवृत्त. हॉलचे भाडे थकले की स्वतःच्या खिशातून भरतात, कुणी वारले तर पेटीची व्यवस्था तेच करतात. कापणीच्या सणात लिलावाला चढवलेला पहिला नारळ नेहमी अण्णांचा. आणि अण्णा मंडळीतल्या गरजूंना शेकडा तीनने पैसे देतात. सगळ्यांना माहीत होते. कुणी सावकारी म्हणत नव्हते, 'अण्णा मदत करतात' म्हणत. बायण्याच्या बहिणीचे कर्ज अण्णांचेच. जानेवारी २०२१मध्ये घेतलेले तीस हजार. दरमहा नऊशे व्याज. फेब्रुवारीपर्यंत पन्नास महिन्यांत तिने पंचेचाळीस हजार भरले होते. मुद्दल तीस हजार तसेच.

मी कुणाचे नाव घेतले नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर घेतला, ज्याला धन्याने दहा हजार तालांत सोडले आणि त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब करून दाखवला. मग निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातले, गरिबाचे पांघरूण गहाण ठेवलेस तर सूर्य मावळण्याआधी परत कर, तेही वाचले. अण्णा उभे राहिले. "ताई, मत्तयाचाच पंचविसावा काढा. धनी चाकराला काय म्हणतो? माझा पैसा सावकाराकडे ठेवला असतास तर मला व्याजासह मिळाला असता. हे प्रभूच्या तोंडचे आहे की नाही?"

हॉल गप्प. पाळकसाहेब म्हणाले, त्या दृष्टांतातला धनी स्वतःच पेरले नाही तिथे कापणारा आहे असे चाकर म्हणतो, तेव्हा त्याचे वागणे देवाचे मानायचे का यावरच वाद आहे. मंडळीने पुढे व्याजाबद्दल काय ठरवले तेही त्यांनी सांगितले. ३२५च्या निकया परिषदेने व्याज घेणाऱ्या धर्मसेवकाला पदावरून काढायचे ठरवले होते. ११७९च्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला प्रभूभोजन आणि ख्रिस्ती मूठमाती दोन्ही नाकारली. अण्णांनी ऐकून घेतले, टोपी उचलली आणि निघून गेले.

मंगळवारी संध्याकाळी ते माझ्या घरी आले. मी चहा ठेवला. त्यांनी आधी काहीच बोलायला सुरुवात केली नाही. मग म्हणाले, "माझी पेन्शन किती आहे माहीत आहे तुला? फंडाचे पैसे आले, मुलगा म्हणाला बँकेत ठेवा. बँकेत सहा-सात टक्के. हिच्या डायलिसिसला आठवड्याला किती लागतात ते विचार. माझे व्याज म्हणजे तिचे औषध." मला हे ठाऊक नव्हते. ज्याला आपण सावकार म्हणून मनात बसवले होते त्याच्या घरातही तीच वही होती, फक्त खर्चाच्या बाजूला नाव वेगळे.

मग मीही माझे सांगितले. पतसंस्थेत असताना थकबाकीदार सापडला नाही की मी जामीनदाराला नोटीस काढत असे. नियमाप्रमाणे बरोबर. एकदा एका शिपायाच्या पगारातून त्याच्या मेहुण्याचे कर्ज तीन वर्षे कापले. त्याची मुलगी बारावीनंतर घरी बसली. तिला मी बसस्टॉपवर बघत असे आणि दुसरीकडे पाहत असे. अण्णांना म्हटले, "नहेम्याच्या पाचव्यात दहावे वचन वाचा. तो म्हणतो, मी आणि माझे भाऊबंदही त्यांना पैसा आणि धान्य उसने देत आहोत, आपण हे व्याज सोडून देऊ. तो बाहेरून आलेला न्यायाधीश नाही, अण्णा. तोही देणाऱ्यांतलाच." अण्णांनी चष्मा लावून वाचले. दोनदा वाचले.

जाताना दारात म्हणाले, "तुकोबांनी खतपत्रे इंद्रायणीत बुडवली म्हणतात. पण निम्मी. भावाच्या वाट्याची भावाला दिली." मला ही आठवण त्या क्षणी फार खरी वाटली. परंपरेत तसेच सांगतात: वडिलांच्या सावकारीचे कर्जरोखे कान्होबाशी वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे तेवढे बुडवले. दुसऱ्याच्या वाट्यावर हात घातला नाही. अण्णांच्या रोख्यांत त्यांच्या बायकोचाही वाटा होता.

झावळ्यांच्या रविवारी, १३ एप्रिलला, शिकवणे नव्हतेच. फक्त ठरवायचे होते. बिनव्याजी निधी काढायचा यावर एकमत झाले, पण बाकी प्रत्येक गोष्टीवर वाद. दशमांशातून द्यायचे का? नाही, हॉलचे भाडे त्यातून जाते. लोकांकडून ठेवी घ्यायच्या का? तिथे मी अडवले. नोंदणी नसताना ठेवी घेणे २०१९च्या कायद्याने गुन्हा आहे. द्यायचे तर अर्पण म्हणून द्या, परत मागायचे नाही. काहींना ते जड गेले. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, वेगळी पिशवी फिरवली. ६१,४०० रुपये जमले. जास्तीत जास्त दहा हजार, दहा महिन्यांत परतफेड, व्याज नाही, जामीनदार नाही. निर्णय तिघांचा, त्यांत दोन बायका. घेणाऱ्याचे नाव हॉलमध्ये वाचायचे नाही. जामीनदार नको यासाठी मी सर्वांत जास्त भांडले.

दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस वारल्याची बातमी आली. टीचर रडत आमच्याकडे आल्या. आम्ही दोघी बराच वेळ बसून होतो. प्रार्थना त्यांनी कोंकणीत म्हटली, मी मराठीत, 'पातकां' आणि 'ऋणे' एकाच वेळी.

या सगळ्याला आता वर्ष होत आले. निधीतून चौदा कर्जे गेली, एकूण एक लाख बारा हजार. फिरून तेच पैसे. वहीवाल्या बाईचे तिसरे कर्ज आम्ही मुदतीआधी भरून टाकले, तिचा शुक्रवार मोकळा झाला. बायण्याची बहीण जूनमध्ये उपासनेला आली. अण्णांनी तिचे व्याज थांबवले. मुद्दलाचे महिन्याला हजार घेतात, सगळे सोडलेले नाही. काही तरुणांना हे पुरेसे वाटत नाही. पंचेचाळीस हजार दिल्यावर मुद्दल कसले, असे ते म्हणतात, आणि हिशेबाने त्यांचे म्हणणे खरे आहे. अण्णांच्या बायकोच्या उपचाराला निधीतून दरमहा काही द्यावे असे बहिणीनेच सुचवले, तेव्हा अण्णा बैठकीत काही न बोलता बसून राहिले. ते पैसे आता जातात.

एक पान अडले आहे. एक कुटुंब सप्टेंबरमध्ये खोली सोडून गावी गेले. बाकी साडेसहा हजार. फोन लागत नाही. कुणी म्हणते, गावचा पत्ता काढा. कुणी म्हणते, सोडून द्या. मी वही दोनदा उघडली आणि रेघ मारायला पेन हातात घेतले. पण एकटीने ती मारायची नाही असे आमचे ठरले आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर तिघे बसणार आहोत. अण्णांनाही बोलावले आहे.